आत वळवलेलं टोक

फर्गसने कॉम्प्युटर जोडायला घेतला तेव्हा नोव्हेंबर अर्धा सरला होता, दक्षिण गोलार्धातला उन्हाळा तोंडावर आला होता, तरी मॅनिओटोटोच्या पठारावर सकाळी गवत हिमाने पांढरं दिसायचं. त्याच्या बायकोने, एव्हिसने, त्याला स्वयंपाकघरातलं मोठं टेबल रिकामं करून दिलं. या टेबलाने काय काय पाहिलं होतं! मेंढ्यांच्या कातरणीच्या दिवसांत गड्यांच्या पंगती इथेच उठायच्या. मोरॅगला गोवर आला तेव्हा चुलीची ऊब मिळावी म्हणून याच टेबलावर गादी घालून तिला निजवली होती. आता त्यावर तपकिरी खोकी, चकचकीत पिशव्या आणि पिवळ्या-काळ्या वायरींचे गुंते पसरले होते आणि मधोमध फर्गस बसला होता, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, अंगात एव्हिसनेच विणलेला जाड लोकरीचा स्वेटर.

"बाबा, तयार लॅपटॉप घ्या ना एखादा," मोरॅग पर्थहून फोनवर म्हणाली होती. "दुकानातून आणायचा, बटण दाबायचं. या वयात कशाला हा उपद्व्याप?"

"तयार?" फर्गस म्हणाला. "दोन मोडक्या यंत्रांतून मी गवताचे भारे बांधायचं एक यंत्र उभं केलं होतं. त्याच्यावर बसून मोठी झालीस तू."

"तिथूनच पडून माझा दात पडला."

"दुधाचा होता. पडणारच होता."

फोन ठेवल्यावर तो खूप वेळ हसत होता. पण एव्हिसला ठाऊक होतं, हा सगळा खटाटोप हौसेचा नव्हता. हिवाळ्यात डनेडिन शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याची तपासणी केली होती. आज वार कोणता, विचारलं. फर्गस म्हणाला होता, "शेतकऱ्याला वार विचारू नये बाई. कालवडी कोणत्या कुरणात आहेत ते विचारा." त्या हसल्या, पण कागदावर काहीतरी लिहिलं. मग त्यांनी चित्रं दाखवली, शब्द सांगितले, थोड्या वेळाने तेच शब्द परत विचारले. फर्गस खिडकीबाहेर बघत राहिला. शेवटी त्या म्हणाल्या, मार्चमध्ये पुन्हा या, मग गाडी चालवण्याच्या परवान्याचं काय ते ठरवू.

एव्हिसच्या डोळ्यांना लांबचं नीट दिसत नव्हतं. गाडी तिने कधीच सोडून दिली होती. दुकान, दवाखाना, चर्च, सगळं गाडीच्या वाटेवर. म्हणजे फर्गसची गाडी गेली की घर गेलं. मग गावातल्या त्या एकसारख्या, एकमेकींना चिकटलेल्या म्हाताऱ्यांच्या खोल्या. दोघांनीही हे कधी बोलून दाखवलं नाही. दवाखान्यातून येताना गाडीत फर्गस एवढंच म्हणाला होता, "डोकं बिघडलेल्या माणसाला कॉम्प्युटर जोडता येईल का गं?"

"नाही येणार," ती म्हणाली होती.

"मग झालं तर."

आणि त्याने तो जोडला. एकदाही चूक न करता, पुस्तिकेतली बारीक अक्षरं भिंगातून वाचत, एकेक स्क्रू बशीत काढून ठेवत. बटण दाबल्यावर पंखा फिरला, पडदा उजळला. फर्गसने चष्मा काढला आणि स्वेटरच्या बाहीने डोळे पुसले. त्या संध्याकाळी एव्हिसने चीजचे स्कोन भाजले आणि मोरॅगचा चेहरा पडद्यावर आला तेव्हा दोघं शाळेतल्या पोरांसारखी खुर्च्या जोडून बसली.

तो सुखाचा काळ नाताळपर्यंत टिकला. मग कॉम्प्युटर गोठायला लागला.

पहिल्यांदा झालं तेव्हा मोरॅगच बोलत होती. तोंड उघडं, एक डोळा अर्धा मिटलेला, तशीच थांबली. आवाजाची एक लांबलचक घरघर झाली आणि तीही बंद. बाण हलेना, कळ दाबून उपयोग होईना. फर्गसने बटण दाबून धरलं, बंद केला, पुन्हा सुरू केला. चालला. दुसऱ्या दिवशी दिवसभर चालला. तिसऱ्या दिवशी तो पत्ते लावत बसला असताना बदामची राणी अधांतरी लटकली ती लटकलीच.

कधी होईल याचा काही नेम नाही. चारचार दिवस शहाण्यासारखा वागायचा, आणि मग एका सकाळी चहा निवायच्या आत तीनदा. फर्गसने तो उघडला. रॅमच्या पट्ट्या काढून, पुसून, पुन्हा बसवल्या. मग एकच ठेवली, मग दुसरी. पंख्याखालचा लेप खरवडून नवा लावला. आतलं सगळं पुसून विंडोज नव्याने भरलं. प्रत्येक वेळी म्हणायचा, "आता बघ." आणि एव्हिस बघायची. हात पुसत, दाराशी उभी राहून, श्वास रोखून बघायची. चालला की तिच्या जिवात जीव यायचा. पण खांदे सैल सोडावेत तोच पडदा थिजायचा, आणि फर्गसची पाठ तशीच थिजायची.

शेजारचा नेव्हिल एकदा चहाला आला. त्यांची बहुतेक जमीन आता तोच खंडाने करत होता; फर्गसकडे घराभोवतीची दोन कुरणं आणि मनाला विरंगुळा म्हणून चार कालवडी उरल्या होत्या. नेव्हिलने पडद्यासमोर हात हलवून पाहिला.

"तुझा कॉम्प्युटर माझ्या मेव्हण्यासारखा आहे रे फर्गस. कामाचं नाव काढलं की डोळे उघडे ठेवून झोपतो."

"मेव्हण्याला तूच आणलास घरात," फर्गस म्हणाला. "हा मी जोडलाय."

नेव्हिलने एव्हिसकडे पाहिलं आणि बिस्किट चहात बुडवलं. मग कुणी थट्टा केली नाही.

जानेवारी तापला. पठारावरचं गवत पिवळं पडलं, मग पांढरं. ओढ्याचे दगड उघडे पडले. फर्गसने कॉम्प्युटर घोंगडीत गुंडाळला, गाडीच्या मागच्या सीटवर पट्ट्याने बांधला आणि दोघं डनेडिनला गेली. दुकानातल्या बाईने झाकण काढून आत पाहिलं आणि एव्हिसला विचारलं, "जोडणी कोणी केलीय याची?"

"यांनाच विचारा," एव्हिस म्हणाली. "त्यांना ऐकू येतं."

बाई ओशाळली. वायरी सुरेख बांधल्यात म्हणाली, आणि ते खरंच होतं. मग तिने विचारलं, "जोडताना अंगात काय होतं? लोकरीचं काही? लोकरीत वीज साठते. बोटातून एक ठिणगी गेली की आतला भाग अर्धामुर्धा मरतो. दिसत काहीच नाही, पण मग असा मध्येच हँग होत राहतो."

"लोकर नाही घालायची तर काय, नोव्हेंबरात उघडं बसायचं?" फर्गस म्हणाला. दुकानातले सगळे हसले. तोही हसला. पण हसताना त्याचा हात स्वेटरच्या काठाशी गेला तो एव्हिसने पाहिला.

दुकानवाल्यांनी पॉवर सप्लाय बदलला आणि कॉम्प्युटर ठेवून घेतला. आठवडाभर दिवसरात्र चालवला. एकदाही थांबला नाही. "ठणठणीत आहे," बाई म्हणाली. तो घेऊन दोघं घरी निघाली. ओळखीच्या फाट्यावर, जिथे तो जन्मभर डोळे मिटून वळला असता, तिथे गाडी क्षणभर थांबली. एव्हिसने समोर बघत, जसं काही सहज, म्हटलं, "डावीकडच्या टेकडीवर काय ऊन पडलंय बघ." तो डावीकडे वळला.

घरी आणून लावला, आणि चुलीवरची किटली शिट्टी मारते न मारते तोच पडदा थिजला.

फर्गस उठला, खोलीत गेला, स्वेटर काढून ठेवला. त्या दिवसापासून सकाळच्या गारव्यातही तो नुसत्या सुती सदऱ्यावर कॉम्प्युटरसमोर बसायचा, दंडावर काटा आलेला.

"अरे, थंडी वाजेल."

"मीच मारलाय तो," तो म्हणाला. "पुस्तिकेत लिहिलं होतं ते, स्वेटरचं. मी वाचलं होतं. नंतर आठवलं नाही."

एव्हिसने शाल आणली ती त्याने नको म्हटली. ती शाल हातात धरून उभी राहिली. ज्या माणसाने बर्फात अडकलेली गाभण मेंढी खांद्यावर टाकून आणली, ज्याने पंप, ट्रॅक्टर, शिवणयंत्र, शाळेची घंटा, जे म्हणाल ते दुरुस्त केलं, त्याला आज तिने काय द्यावं? तिला तर त्या खोक्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

कळलं ते फोनमुळे. फर्गस कालवडींना घरामागच्या कुरणात सोडायला गेला होता. तो नाही तेवढ्यात मोरॅगशी चार शब्द बोलावेत म्हणून एव्हिसने घरातल्या बोळातला फोन उचलला.

"आई, फोनमध्ये घड्याळ बसवलंयस का?" मोरॅगने विचारलं.

"काय?"

"टकटक येतेय. ऐक."

एव्हिसने ऐकलं. टक. मग श्वास घ्यावा एवढी शांतता. टक. पुन्हा शांतता. टक.

हा आवाज तिला माहीत होता. किती वर्षांपूर्वीचा, पण कान विसरत नाहीत. ती नवी नवरी म्हणून या खोऱ्यात आली तेव्हा सहा घरांत मिळून एक टेलिफोनची लाइन होती. त्यांची घंटी एक लांब, दोन आखूड. घंटी कुणाचीही असो, सहाही घरांत फोन हळूच उचलला जायचा. म्हातारी डॅलझीलबाई दम्याची, तिचा श्वास ऐकू आला की सगळे हवापाण्यावर बोलायला लागायचे. असाच एक कोरडा उन्हाळा होता आणि लाइनवर टकटक सुरू झाली. कुणाला काही बोलता येईना. तरुण फर्गस घरोघर फिरला आणि त्याने शोधून काढलं. विजेच्या कुंपणाला करंट देणारं जे यंत्र असतं, त्याच्या अर्थिंगच्या सळया ओल्या जमिनीत हव्यात. जमीन सुकली की कुंपणाला जोर राहत नाही, गुरं तारेला जुमानत नाहीत. म्हणून म्हाताऱ्या डॅलझीलने युक्ती केली होती: यंत्राची अर्थिंगची तार थेट घराच्या अर्थिंगच्या सळईला नेऊन जोडली होती. कुंपणाचा प्रत्येक ठोका घरात, घरातून लाइनवर.

फर्गसने त्याला अंगणात उभं करून झापलं होतं. "कुंपणाचं कुंपणापाशी, घराचं घरापाशी, म्हातारबुवा. दोघांची भेट घालायची नाही!" पुढे कितीतरी वर्षं कर्लिंगच्या सामन्यांत, बर्फावर दगड सरकवता सरकवता, लोक एकमेकांना ते वाक्य ऐकवून हसायचे.

"आई? आहेस ना?"

"आहे गं. नंतर करते."

ती मागच्या दाराने बाहेर गेली. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली नळ होता, नळाशी पुदिना आणि रुबार्बचा ताटवा. नळ गळायचा म्हणून तेवढीच जमीन साऱ्या आवारात ओली. घराची अर्थिंगची सळई तिथेच होती. तिने रुबार्बची मोठाली पानं बाजूला केली. शेडमधल्या कुंपणाच्या यंत्रापासून भिंतीच्या कडेकडेने आलेली एक तार, नवी, चकचकीत, सळईला पिळून बसवली होती.

नेव्हिल असेल, तिला वाटलं. वाटावं असं तिने स्वतःला सांगितलं. मग तिने बोटाने गाठ चाचपली. तारेचं टोक आत वळवलेलं होतं.

खोऱ्यात अशी गाठ एकच माणूस मारायचा. मोरॅग चार वर्षांची असताना कुंपणाच्या तारेचं उघडं टोक तिच्या दंडात घुसलं होतं. तेव्हापासून फर्गस प्रत्येक तारेचं टोक पकडीने दुमडून गाठीच्या पोटात ढकलायचा. वेळ लागायचा. गडी चिडवायचे, भरतकाम करतोय म्हणायचे. त्याने कधी सोडलं नाही.

एव्हिस पुदिन्यात गुडघे टेकून बसली. कॉम्प्युटरला काहीही झालेलं नव्हतं; कुंपणाचा ठोका या तारेने घरात येऊन त्याला गोठवत होता. स्वेटरने काहीही केलेलं नव्हतं. तो निर्दोष जोडला होता त्याने. हे त्याला धावत जाऊन सांगावं असं तिच्या ओठांवर आलं आणि तिथेच थिजलं. कारण त्याच्या पुढचं वाक्यही सांगावं लागलं असतं.

तिने शेडमधून पकड आणली. गाठ सोडवायला बराच वेळ लागला, बोटं सोलली. तार नेऊन तिने कुंपणाच्या जुन्या सळयांना जोडली आणि त्यांच्या बुडाशी बादलीभर पाणी ओतलं. मग रोज सकाळी, फर्गस दाढी करत असताना, कोंबड्यांना बघून येते म्हणून ती बादली घेऊन जायला लागली.

कॉम्प्युटर सुधारला. एक दिवस, दोन दिवस, आठवडा.

"सांगत होतो की नाही!" फर्गस म्हणाला. "रॅमची पट्टी केसभर वर होती. परवा दाबून बसवली ना, तेव्हा टच्च आवाज झाला होता. तू होतीस तिथे."

"होते ना."

"मग? म्हातारा कामातून गेला नाही अजून."

"बडबडीतून तर मुळीच नाही," ती म्हणाली, आणि त्याने तिच्या कमरेभोवती हात टाकून तिला ओट्यापाशीच गर्रकन फिरवलं. त्याने स्वेटर पुन्हा घातला. नेव्हिलला फोन करून, तुझ्या मेव्हण्याला पाठवून दे, तोही दुरुस्त करतो, म्हणाला. मार्चमध्ये त्या डॉक्टरीणबाईंना सगळं सांगायचं, कुठून कुठे काय जोडलं ते, असं त्याने ठरवलं. एव्हिस रात्री त्याच्याकडे पाठ करून पडायची. आनंद खरा होता. कशावर उभा आहे ते एकटीला माहीत होतं.

मग एका दुपारी ती इस्त्री करत असताना पडद्याकडून ती घरघर ऐकू आली.

फर्गसने मागे वळून तिच्याकडे पाहिलं. एव्हिस इस्त्री उभी करून बाहेर गेली, रुबार्बची पानं सारली. तार होती. तशीच पिळलेली, टोक तसंच आत. तिने सोडवली. चार दिवसांनी पुन्हा होती.

"कालवडी तारेला भीत नाहीत हल्ली," त्या संध्याकाळी ती सहज म्हणाली, मटणाचा रस्सा वाढत. "कुंपणाचं काही केलंस का तू?"

"मी? नाही बुवा." त्याने विचार केला. खरोखर विचार केला, चमचा हातात धरून, कपाळाला आठ्या घालून, जसा एखादा माणूस अंधाऱ्या खोलीत दिव्याचं बटण चाचपतो. "नाही. करायला हवं का?"

"नको," ती म्हणाली. "राहू दे."

मार्चच्या तपासणीसाठी डनेडिनला जायच्या आदल्या दिवशी कॉम्प्युटर सकाळीच गोठला. फर्गसने झाकण काढलं आणि स्क्रू बशीत न ठेवता तसेच टेबलावर टाकले. एक घरंगळून चुलीखाली गेला. त्याने तिकडे पाहिलंही नाही.

"तू समोर होतीस, एव्हिस. सगळं बघत होतीस. कुठे चुकलो मी?"

"कुठेच नाही."

"मग हा असा का करतो?"

तिने एप्रनला हात पुसले, पुन्हा पुसले. "चहा टाकते," म्हणाली, आणि किटली नळाखाली धरायच्या ऐवजी पकड घेऊन मागच्या दाराने गेली. निदान आजचा दिवस तरी, तिला वाटत होतं. उद्या त्या खोलीत जाईपर्यंत तरी.

गाठ या वेळी जास्तच घट्ट होती. तिला पावलं ऐकू आली नाहीत.

"काय करतेस तिथे?"

ती उठली नाही. पकड लपवायला तिच्याकडे जागा नव्हती. फर्गस जवळ आला, वाकला, पान बाजूला केलं. त्याचा चेहरा लालबुंद झाला.

"कुठल्या गाढवाने हे केलं? अगं, हेच ते! हाच तो दोष! कॉम्प्युटरला काही झालेलंच नाही! कुंपणाचं कुंपणापाशी, घराचं..." त्याचा आवाज चढला होता, तरुणपणीचा तो आवाज, आणि एका क्षणापुरती तिला वेडी आशा वाटली की तो नेव्हिलचं नाव घेईल. घे, ती मनात म्हणाली. घे त्याचं नाव. तो चांगला आहे, कबूलही करेल.

फर्गसने हात पुढे केला आणि तार बोटांत धरली. अंगठा गाठीवरून फिरला, टोक शोधत. टोक सापडलं नाही. जिथे ते असायला हवं होतं तिथे अंगठा थांबला, आणि बराच वेळ तिथेच राहिला.

नळ ठिबकत होता.

"केव्हा?" त्याने विचारलं.

"एकदाच नाही."

"आणि तू सोडवत होतीस."

"हो."

त्याने मान हलवली. तो तिच्या शेजारी पुदिन्यात बसला, धपकन, जसा दिवसभराच्या कातरणीनंतर बसायचा. तिला वाटलं, आता तो चिडेल. तो तिच्या सोललेल्या बोटांकडे बघत होता.

"टोक उलटं फिरवून आधी बाहेर काढायचं," तो म्हणाला. "मग सुटते. जोर लावायचा नाही."

"तूच सोडव ना."

"नको." त्याने दोन्ही हात काखेत धरले. "तू सोडव. मी सांगतो तसं."

त्याने सांगितलं आणि तिने सोडवली. तो नंतर उठून शेडकडे गेला, करंटचं यंत्र बंद केलं आणि कालवडींना नेव्हिलच्या कुरणात जाणारं फाटक उघडून दिलं. त्या उशिरापर्यंत तिथेच घुटमळत राहिल्या.

घरात आल्यावर एव्हिसने चुलीखालचा स्क्रू काढून बशीत ठेवला. फर्गसने झाकण बसवलं, बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा उजळला. मग तो खिडकीपाशी जाऊन बसला. गाडीच्या किल्ल्या त्याने खिशातून काढून टेबलावर ठेवल्या होत्या. उद्या गाडी चालवायला नेव्हिलला यायला सांगू का, असं एव्हिसने विचारलं नाही. तिने चहा टाकला.

अंधार पडेपर्यंत कॉम्प्युटर चालू होता. एकदाही थांबला नाही.